तीन नंबरची पाटी

१

आग विझली की मला बोलावतात. पेटलेल्या जागी माझा काही उपयोग नाही. उजवा गुडघा दुखतो आणि धूर सोसत नाही. राख थंड झाली की मी जाते आणि जे जळलं ते कसं जळलं, कोणाच्या चुकीने जळलं, ते लिहून देते. बावीस वर्षं हेच करते आहे. माझं येणं कोणालाच आवडत नाही आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

रसायनांच्या त्या डेपोत मी पोचले तेव्हा आगीला दोन दिवस झाले होते आणि मॅनेजरने गुन्हेगार आधीच शोधून ठेवला होता.

"मॅडम, तुम्हाला फार त्रास नाही," तो म्हणाला. "सगळं स्पष्ट आहे. त्यांनी कबूलही केलंय."

'त्यांनी' म्हणजे भिंतीकडच्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले गृहस्थ. ते डेपोतल्या फोमच्या गाडीचा पंप चालवायचे. सगळे त्यांना पंपकाका म्हणत. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. त्यांच्यासमोर टाइप केलेला जबाब होता, खाली सहीची जागा रिकामी होती आणि शेजारी झाकण काढलेलं पेन तयार होतं. इतकी जय्यत तयारी पाहिली की माझं डोकं फिरतं.

घडलं होतं ते असं. परवा सकाळी दहाच्या सुमाराला तीन नंबरच्या पॉइंटवर एक टँकर रिकामा होत होता. आत मिथेनॉल होतं. डेपोत सगळे त्याला स्पिरिट म्हणतात. नळीचा जोड निसटला आणि स्पिरिट खालच्या कुंडात सांडलं. सांडलेलं पसरू नये म्हणून प्रत्येक पॉइंटखाली कमरेएवढ्या भिंतींचं असं कुंड बांधलेलं असतं. फोमची गाडी धावली. पंपावर काका, आणि नोझल हातात धरून पुढे त्यांचा जावई. सांडलेल्यावर फेसाची जाड चादर घातली की वाफा दबतात, पेट घेत नाही. चादर अर्धी झाली तोच टँकरच्या चालकाने घाबरून गाडी सुरू केली. ठिणगी उडाली, भडका झाला. तरी फेस पडत होता, आग दबल्यासारखी वाटली, म्हणून व्हॉल्व्ह बंद करायला जावई पुढे सरकला. आणि त्याच्या पायाशी फेस विरून गेला. शहराच्या बंबाने शेवटी आग विझवली, पण तोवर पोराचे दोन्ही हात आणि पाय भाजले होते.

"फेस विरला कारण यांनी खटका तीनवर ठेवला," मॅनेजर म्हणाला. "स्पिरिटला सहा लागतो."

हे मला सांगायची गरज नव्हती. स्पिरिट पाण्यात मिसळतं, त्यामुळे ते फेसातलं पाणीच पिऊन टाकतं. तिथे शंभर भागांत सहा भाग फोम घालावा लागतो. टोल्युइन किंवा पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, तिथे तीन पुरतो. पळापळीत कोणी विचार करत बसू नये म्हणून या डेपोने सोपी पद्धत पाडली होती. पॉइंटवर लाल पाटी असली की तीन, निळी असली की सहा. पंपवाल्याने जाताना पाटी बघायची आणि खटका लावायचा.

"पाटी निळी आहे," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही बघाच जाऊन."

"लाल होती," काका म्हणाले. मग लगेच आवाज खाली गेला. "म्हणजे, मला लाल दिसली. पण आता तिथे निळीच आहे, मी स्वतः जाऊन पाहिली. माझी लेक म्हणते, बाबा तुमचे डोळे गेलेत. गेले असतील. पोरगं माझ्या भरवशावर पुढे गेलं, मॅडम. द्या, सही करतो."

त्यांनी पेन उचललं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, झाकण लावलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं.

"सही उद्या चार वाजता," मी म्हटलं. "तोवर पेन माझ्याकडे."

२

तीन नंबरचा पॉइंट कोणी धुतला नव्हता, एवढं एक माझं नशीब. कुंडापासून चार पावलांवर लोखंडी खांब होता, खांबाला हूक, हुकाला पाटी. पाटी निळी होती, वाद नको. खालचा अर्धा भाग काजळीने काळाकुट्ट झालेला. मी बोट फिरवलं तर बोट काळं झालं. आगीच्या वेळी हीच पाटी इथे होती, असं ती ओरडून सांगत होती.

मी कुंडात उतरले. भिंतींचा चुना तडकला होता, कुठे पोपडे सुटले होते, कुठे पिवळट झाला होता. गुडघ्याने दगा दिला म्हणून भिंतीला टेकून वर आले, तर बाहीला चुना लागला. तो झाडत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"तो जात नाही. ओला फडका देते."

या लॅबच्या बाई. टँकर आला की त्यातला नमुना तपासून 'उतरवा' म्हणायचं काम त्यांचं. लॅब पॉइंटपासून वीस पावलांवर. पन्नाशीच्या, हातात कायम फडका, आणि बोलताना समोरच्याकडे असं बघायच्या की आपणच नमुना आहोत असं वाटावं.

"आगीच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. पळाले नाही, कारण पळायला मला येत नाही. स्पिरिट गटाराकडे निघालं होतं. ही पहिली वाळूची पेटी आहे ना, ती तळापर्यंत रिकामी केली मी. फावड्याने. अजून कंबर धरलीय."

"पाटी कोणती होती?"

"तेच मला मॅनेजरसाहेबांनीही विचारलं. खोटं सांगणार नाही. रोज समोर असलेली वस्तू कोण बघतं? माझ्या घरातल्या पडद्याचा रंग विचाराल तरी मी अडखळेन."

"पाट्यांच्या कपाटाची चावी कोणाकडे असते?"

"तिघांकडे. मॅनेजर, शिट्टीमास्तर आणि मी." मग फडक्याची घडी घालत म्हणाल्या, "लिहा, लिहा. मीही संशयित."

"लिहिलंय," मी म्हटलं. "त्या दिवशी स्पिरिटच येणार होतं का इथे?"

"नाही. यादीत आधी टोल्युइन होतं. तो टँकर वाटेत पंक्चर झाला. साडेनऊला फोन आला की स्पिरिट आधी येतंय. मी चिठ्ठी लिहून मास्तरांच्या टेबलावर ठेवली."

"हातात नाही दिली?"

"टेबलावर नव्हते ते."

टोल्युइन म्हणजे लाल. स्पिरिट म्हणजे निळी. कोणी ती वेळेवर बदलली असेल तर काका चुकले, आणि बदलली नसेल तर ही काळी झालेली निळी पाटी इथे आली कुठून? निघताना मी पहिल्या वाळूच्या पेटीवर क्षणभर बसले. पेटी काठोकाठ भरलेली होती. बरं वाटलं बसायला, आणि त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही. बावीस वर्षांच्या अनुभवाची ही अवस्था.

३

शिट्टीमास्तर म्हणजे यार्डचे सुपरवायझर. गळ्यात पितळी शिट्टी, शर्टाला कडक इस्त्री. टँकर उतरत असताना शेवटपर्यंत पॉइंटवर उभं राहायचं, चालकाची चावी आपल्या खिशात ठेवायची, गडबड झाली तर व्हॉल्व्ह बंद करायचा आणि शिट्टीने पंपवाल्याला इशारे द्यायचे, हे सगळं त्यांचं काम. गाडी नेहमी विटांच्या भिंतीआड उभी राहते, तिथून पंपवाल्याला पॉइंट दिसत नाही. त्याला फक्त शिट्टी ऐकू येते.

"पाट्या मी सकाळी आठलाच लावतो," ते म्हणाले. "दिवसभराच्या यादीप्रमाणे, सगळ्या एकदम. प्रत्येक टँकरला कोण हेलपाटे घालणार? पण त्या दिवशी बदल झाला. बाईंची चिठ्ठी मिळाली, मी लगेच जाऊन तीन नंबरला निळी लावली. पावणेदहाला."

"आणि आगीच्या वेळी?"

"पॉइंटवरच होतो ना, मॅडम. जागा सोडली नाही. व्हॉल्व्हकडे जायचा दोनदा प्रयत्न केला. पण काय तो काळा धूर! हात पुढे केला तर हात दिसेना. डोळ्यांतून पाणी, छातीत कोंडलं. तो पोरगा पुढे गेला, मी ओरडलो, थांब! ऐकलं नाही त्याने." त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. "काकांचं वाईट वाटतं. चांगला माणूस. पण वय कोणाला सुटलंय?"

सगळं व्यवस्थित जुळत होतं. वेळा, कारणं, रुमालसुद्धा.

बाहेर आले तर पंपकाका गाडीपाशी उभे होते. गाडी वापरायला बंदी होती, तरी नोझल पुसत होते.

"काका, त्या दिवशी शिट्टी कशी वाजली? आठवून सांगा."

त्यांनी फडका खांद्यावर टाकला.

"शिट्टी आलीच नाही, मॅडम. मी वाट बघत होतो. एक लांब म्हणजे वाढव, दोन छोट्या म्हणजे बंद कर. काहीच आलं नाही. मग पोरगं किंचाळलं, तेच ऐकलं."

४

इस्पितळाच्या व्हरांड्यात काकांची लेक बसली होती. मांडीवर डबा, शेजारी औषधांची पिशवी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी वाचत ती गोळ्या वेगळ्या करत होती. मी कोण ते सांगितलं तशी ती उठली.

"बाबांना वाचवायला आलात?"

"काय झालं ते बघायला आलेय."

"मी सांगते काय झालं. त्यांना पेपर वाचता येत नाही. सुईत दोरा मी ओवून देते. चष्मा करा म्हणून दोन वर्षं मागे लागलेय. ऐकतील तर शपथ! आणि आता आत जाऊन बघा." तिचा आवाज फाटला. "रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभे राहतात. मी आत घेत नाही. काय बोलू मी त्यांच्याशी? माझा बाप आहे, माझा नवरा आहे, मी कोणाकडून रडू?"

पण एक गोष्ट मनात खटकली. जवळची सुई न दिसणं वेगळं आणि गाडीतून जाताना पंधरा पावलांवरची परातीएवढी पाटी न दिसणं वेगळं. या वयात जवळचं अंधुक होतं, लांबचं नाही. निळीची लाल तर मुळीच होत नाही. ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. नुसत्या अंदाजावर कोणाला आशा दाखवणं मला जमत नाही.

जावई आत पडून होता, हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. वय तिशीचं, आवाज शांत.

"काका कसे आहेत?" त्याने आधी तेच विचारलं. कामावर तो सासऱ्याला काकाच म्हणायचा.

"बरे नाहीत. तुम्ही पुढे का गेलात?"

"व्हॉल्व्हपाशी कोणी नव्हतं. स्पिरिट येतच होतं. फेस पडलेला दिसत होता, वाटलं दबलंय."

"आणि आग?"

"तीच तर गंमत, मॅडम." त्याने ओठ ओले केले. "आग दिसलीच नाही. ऊन कडक होतं. समोर नुसती हवा हलत होती, रस्ता तापल्यावर हलते तशी. पायाला चटका बसला तेव्हा कळलं की मी आगीत उभा आहे."

माझ्या हातातली वही तशीच राहिली. मी माझ्या बाहीकडे बघितलं. सकाळचा चुना अजून होता. पांढराशुभ्र.

५

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी मॅनेजरसमोर बसले. चार वाजायला चार तास होते आणि तो घड्याळाकडे बघत होता.

"आग लागली तेव्हा तुम्ही?"

"मीटिंगला. नऊला गाडी घेऊन निघालो. फोन आला तसा परत फिरलो, पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. सगळं विझलं होतं."

"फाटकावर तुमच्या जाण्यायेण्याची नोंद होते?"

"माझ्या गाडीची?" तो हसला. "माझ्या गाडीची कोण नोंद करणार? बाकी प्रत्येकाची झडती होते, अगदी डबासुद्धा उघडून बघतात. काडेपेटी आत येऊ देत नाही आम्ही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा असावा, कारण त्याचा चेहरा एकदम नोकरासारखा झाला. आणि तिचा आवाज असा खणखणीत की माझ्यापर्यंत आला: "अहो, तेरवा बसवलेला नळ परत गळतोय. अर्धवट टाकून पळाला तो! त्याला पुन्हा पाठवा."

"नंतर, नंतर," म्हणत त्याने फोन ठेवला.

तेरवा, म्हणजे आगीच्याच दिवशी. मी उठले, पहिल्या वाळूच्या पेटीपाशी गेले आणि पुन्हा तिच्यावर बसले. बुडाखाली भरगच्च वाळू. समोर बाकीच्या पाचही पेट्या आगीत उपसलेल्या, तळापर्यंत रिकाम्या, कोणी भरायला वेळच काढला नव्हता. आणि ही एक तेवढी काठोकाठ.

मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. मग लॅबमध्ये जाऊन बाईंकडे वाटीभर स्पिरिट मागितलं.

"कशाला?"

"नमुना तपासायचाय," मी म्हटलं. "माणसाचा."

६

डेपोच्या मागे कुंपणापलीकडे सरावाचं मैदान होतं. आग विझवायचा सराव तिथेच करतात, त्यामुळे पेटवायची परवानगी तेवढ्याच जागी. मी सगळ्यांना तीनला बोलावलं. मॅनेजर, शिट्टीमास्तर, लॅबच्या बाई आणि पंपकाका. काकांच्या हातात मी अग्निशामक नळकांडं दिलं. ते त्यांनी असं धरलं की तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे सरळ झाले.

ऊन अगदी डोक्यावर नव्हतं, पण लख्ख होतं. मैदानाच्या मधोमध लोखंडी थाळी, थाळीवर दोन विटा, विटांवर पांढरी फरशी पालथी ठेवलेली. मी पाठ करून वाकले, थाळीत स्पिरिट ओतलं, जे करायचं ते केलं आणि चार पावलं मागे आले.

"आता आपण त्या दिवशीची आग पुन्हा बघू," मी म्हटलं. "मास्तर, तुम्ही सगळ्यात जवळ होता. तुम्ही सांगायचं, ही तशीच आहे का."

"सांगतो की."

सगळे थाळीकडे बघत उभे राहिलो. एक मिनिट गेलं. शिट्टीमास्तरांनी रुमालाने मान पुसली. मॅनेजरने घड्याळ बघितलं. लॅबच्या बाईंनी मात्र पदर आवरून एक पाऊल मागे घेतलं.

"मॅडम," मास्तर शेवटी वैतागून म्हणाले, "पेटवताय कधी?"

मग लॅबच्या बाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, केव्हाची पेटलीय. त्या दिवशीही अशीच होती."

मी खिशातला कागदाचा कपटा थाळीवर टाकला. तो हवेतच काळा होऊन नाहीसा झाला. मास्तरांचा हात नकळत शिट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"काका, विझवा," मी म्हटलं.

त्यांनी एका फवाऱ्यात विझवली. मी फडक्याने धरून फरशी उलटी केली आणि सगळ्यांना दाखवली. तापून तडकली होती. पण पांढरी होती.

"स्पिरिट असंच जळतं. धूर नाही, काजळी नाही, उन्हात ज्योतही दिसत नाही. कुंडाच्या भिंतींना काजळीचा एक ठिपका नाही. मी टेकले तर बाहीला चुना लागला. मग चार पावलांवरची पाटी तेवढी काळी कशी झाली? एकच उत्तर. ती आगीत नव्हतीच. नंतर कोणीतरी तिला चिंधीच्या धुरावर धरून काळी केली, आगीत होती असं वाटावं म्हणून. आणि ते करणाऱ्याने ही आग पाहिलेली नव्हती. पाहिली असती तर काजळीच्या भानगडीत पडला नसता."

"मीही पाहिली नाही," मॅनेजर घाईघाईने म्हणाला. "मी तर नव्हतोच."

"हो, आणि तुम्ही 'नव्हतो' असंच सांगितलंत. काकांनीही पाहिली नाही, ते भिंतीआड होते. पण त्यांनी पाटी काळी केली असती तर लाल केली असती. बाईंनी डोळ्यांनी पाहिली. राहिलं कोण? जो म्हणतो मी जागा सोडली नाही, आणि ज्याला काळ्या धुरात स्वतःचा हात दिसत नव्हता."

"माझ्या बोलण्यात थोडं इकडेतिकडे झालं असेल," मास्तर म्हणाले. आता रुमाल खिशातच होता.

"शिट्टी का वाजली नाही? चालकाची चावी तुमच्या खिशात असते, मग त्याने गाडी सुरू कशी केली? व्हॉल्व्हपाशी कोणी का नव्हतं? मास्तर, तुम्ही डेपोतच नव्हता. आठला यादीप्रमाणे लाल पाटी लावली आणि नऊला साहेबांच्या गाडीतून गेलात, जिची नोंद होत नाही. चिठ्ठी तुमच्या टेबलावर पडून राहिली आणि टँकर तुमच्याशिवायच उतरायला लागला." मी मॅनेजरकडे वळले. "नळ परत गळतोय म्हणे. अर्धवट टाकून पळाला 'तो' कोण, हे मी तुमच्या घरी फोन करून विचारू, की तुम्हीच सांगता?"

मॅनेजरने फोन खिशात टाकला.

"हे सगळे अंदाज आहेत," तो म्हणाला. "लाल पाटी होती म्हणता ना? मग दाखवा."

७

"चला," मी म्हटलं.

पहिल्या वाळूच्या पेटीपाशी मी काकांच्या हातात फावडं दिलं.

"त्या दिवशी बाईंनी ही पेटी तळापर्यंत रिकामी केली. बाकीच्या पाच अजून रिकाम्या आहेत. ही एकच कोणी भरली आणि का? फाटकावर प्रत्येकाची झडती होते, पाटी बाहेर नेता येत नव्हती. कपाटात ठेवली तर पोळलेला रंग बाईंना दिसला असता. म्हणून जवळच पुरली. सगळे रुग्णवाहिकेमागे फाटकाकडे गेले, तेवढा वेळ पुरेसा होता."

काका उकरायला लागले. फावडं खालवर होत होतं, वाळू उडत होती, आणि त्यांना थांबवायची कोणाची हिंमत नव्हती. तळाशी टण्ण आवाज झाला.

त्यांनी फावडं टाकलं आणि हातांनी ती बाहेर काढली. लाल पाटी. रंगाला फोड आले होते, एक कोपरा सोलून पत्रा दिसत होता. काजळीचा मागमूस नव्हता. त्यांनी ती हात लांब करून धरली आणि बघत राहिले.

"लाल," ते म्हणाले. "लालच होती."

शिट्टीमास्तर रिकाम्या पेटीच्या काठावर बसले. "मी परत आलो तर लाल तशीच होती," ते म्हणाले. "पोराला स्ट्रेचरवर घातलेलं. मला वाटलं, साहेबही अडकतील, मीही. काका तर एक वर्षाने जाणारच होते..." मॅनेजरने त्यांना 'गप्प बसा' म्हणायचाही प्रयत्न केला नाही. त्या दिवसापासून त्याला सगळं माहीत होतं, आणि तरी त्याने काकांसमोर पेन ठेवलं होतं. ते मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं, एकही शब्द मऊ न करता.

चार वाजता टेबलावरचा तो जबाब मी उभा फाडला. मग पर्समधून पेन काढून काकांना दिलं.

"हे घ्या. आता तुमचा खरा जबाब तुमच्या हाताने लिहा."

त्यांनी लिहिला. पण लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे न देता म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट राहिली. भिंतीच्या बाहेर डोकावून मी एकदा बघायला हवं होतं. धूर नाही म्हणजे स्पिरिट, एवढं मला तीस वर्षांत कळतंच. मी शिट्टीची वाट बघत राहिलो. तेही लिहितो."

मी त्यांना अडवलं नाही. खोट्या जबाबावर सही करायला निघालेला हाच माणूस, खऱ्यातही स्वतःला सोडत नव्हता. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत बसले.

संध्याकाळी त्यांना इस्पितळात मीच घेऊन गेले. ते सवयीने फाटकाशी थांबले. मी एकटी व्हरांड्यात गेले आणि लेकीला सगळं सांगितलं, पाटीपासून वाळूच्या पेटीपर्यंत, आणि काकांनी शेवटी स्वतः लिहिलेल्या त्या चार ओळीही. सांगून झालं तशी पिशवी उचलून सरळ फाटकाकडे चालू लागली.

काका तिला येताना बघून भिंतीला टेकले. मी आपली मागे राहिले.

ती समोर जाऊन उभी राहिली. मग पिशवीतून औषधांची चिठ्ठी काढून तिने त्यांच्या हातात दिली.

"डॉक्टरांचं अक्षर लागत नाही मला, बाबा," ती म्हणाली. "वाचा बरं, रात्रीची गोळी कुठली?"

तिला ते अक्षर तीन दिवस लागत होतं. मी पाहिलं होतं. काकांनी चिठ्ठी हात लांब करून धरली, आणखी लांब केली, डोळे बारीक केले.

"चष्मा लागेल बहुतेक," ते म्हणाले.

"लागू दे. उद्या करू," ती म्हणाली आणि त्यांचा दंड धरून त्यांना आत घेऊन गेली.